आधी कागदावर वीज चालवा

घरी प्रिंटर बनवायला घेतलेल्या मुला-मुलींना आणि त्यासाठी पदरचे पैसे देणाऱ्या त्यांच्या आई-वडिलांना माझी एक विनंती आहे. सर्किटचं चित्र स्वतः पूर्ण तपासल्याशिवाय आणि दुसऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय शाईच्या कार्ट्रिजला वीज देऊ नका. एवढं पाळलं तरी निम्मी कार्ट्रिजं वाचतील, असं माझं मत आहे.

परभणी-वसमत रस्त्यावरच्या आपल्या हट्ट्यासारख्या गावात या विनंतीला जास्त वजन आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर राहणाऱ्याची एखादी आयसी जळाली तर तो संध्याकाळी दुसरी आणतो. आपल्याकडे ती कुरियरने येते, तोवर पोराचा उत्साह मावळतो आणि घरच्यांचा विश्वासही. "कशाला नसते उद्योग" हे वाक्य एकदा घरात बोललं गेलं की पुन्हा पैसे मागणं जड जातं.

उद्योग मात्र नसता नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतून आता हळद दळून पाकिटबंद करून विकतात. पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख घालावीच लागते. दोन मोटारी, एक आर्डुइनो (प्रोग्रामनुसार पिना चालू-बंद करणारं छोटं बोर्ड) आणि एक छोटं कार्ट्रिज यांच्यावर चालणारं यंत्र कागदी लेबलवर हे काम करू शकतं. लेबल कागदीच घ्या, कारण पाण्यात बनवलेली शाई प्लॅस्टिकवर वाळत नाही, नुसती पुसली जाते.

ज्या कार्ट्रिजवर जगभरच्या हौशी लोकांनी प्रयोग केले ते एचपीचं सी६६०२ए. दुकानातल्या पावत्या छापणाऱ्या यंत्रांसाठी ते बनवलं गेलं. त्याला १२ नोझल, इंचाला ९६ ठिपके, म्हणजे एका फेरीत इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास उंचीची ओळ छापली जाते. निकोलस लुईस या अमेरिकी तरुणाने त्यासाठी आर्डुइनोवर बसणारं 'इंकशील्ड' नावाचं बोर्ड तयार केलं आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला करून दिला. घरगुती प्रिंटरचे बरेच आराखडे त्याच वाटेने जातात.

आत काय घडतं ते समजून घेतलं की चित्रातली चूक का महागात पडते ते कळतं. कॅनन कंपनीत १९७७ साली तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सुईला लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्यातून इचिरो एंडो यांना उष्णतेने शाई फेकण्याची कल्पना सुचली. एचपीतही जवळपास त्याच काळात हाच मार्ग सापडला आणि १९८४ साली त्यांचा थिंकजेट प्रिंटर बाजारात आला. त्यालाही १२ नोझल आणि ९६ ठिपकेच होते. प्रत्येक नोझलमागे एक अतिशय बारीक तापणारा रोध असतो. त्याला क्षणभर वीज दिली की तापल्या तव्यावर थेंब पडावा तशी त्याला टेकलेली शाई वाफ होऊन उसळते आणि पुढची शाई बाहेर ढकलते. क्षणभर म्हणजे सुमारे ५ मायक्रोसेकंद, सेकंदाचा दोन लाखावा भाग. पुन्हा त्याच नोझलला वीज देण्याआधी सुमारे ८०० मायक्रोसेकंद थांबतात.

आता आकडे मांडू. एका नोझलचा रोध साधारण ६५ ओम असतो. २० व्होल्ट दिले की सुमारे ०.३ अँपिअर, म्हणजे ६ वॅट. पाच मायक्रोसेकंदांपुरते ६ वॅट तो रोध सहज सोसतो, कारण मधल्या विश्रांतीमुळे सरासरी एका वॅटच्या पंचविसाव्या भागाइतकीच पडते. तेच ६ वॅट सलग दिले तर केसापेक्षा पातळ असलेला रोधाचा तो थर डोळ्याची पापणी लवायच्या आत जळतो. धूर दिसत नाही, वास येत नाही. मुलगा दिवसभर प्रोग्राम तपासत बसतो आणि चूक असते वायरिंगमध्ये. म्हणून या यंत्रात चित्र वाचण्याला पर्याय नाही. पंख्याच्या किंवा बल्बच्या फिटिंगमध्ये वायर चुकली तर बहुतेक वेळा फ्यूज उडतो आणि चूक कळते. इथे काहीच कळत नाही.

सगळ्यात जास्त घात करणारी चूक मी सविस्तर सांगतो, कारण चित्रात ती अगदी सरळ आणि बरोबर दिसते. आर्डुइनोची पिन थेट नोझल चालवू शकत नाही, म्हणून मध्ये युएलएन २८०३ ही आयसी घालतात. तिच्यात ८ वाटा असतात, म्हणून १२ नोझलना दोन आयसी लागतात. तिच्या १ ते ८ या पिना आत येणाऱ्या, समोरच्या १८ ते ११ बाहेर जाणाऱ्या. ९ नंबर ग्राउंड. १० नंबरवर 'कॉमन' लिहिलेलं असतं. नवखा माणूस काय करतो? त्याने आधी ७४एचसी५९५ सारख्या आयसी वापरलेल्या असतात, त्यांना एक ग्राउंड आणि एक ५ व्होल्टची पिन लागते. इथेही ९ ग्राउंड दिसलं, म्हणजे समोरची १० ही ५ व्होल्टची असणार असं समजून तो तिथे ५ व्होल्ट जोडतो. पण युएलएन २८०३ ला चालण्यासाठी वेगळा सप्लाय लागतच नाही. १० नंबरच्या पिनेवर आतल्या आठही डायोडांची टोकं एकत्र येतात, आणि ते डायोड मोटार किंवा रिलेच्या कॉइलमधून उलटणारी वीज वळवण्यासाठी असतात.

ती पिन ५ व्होल्टला जोडली तर काय होतं ते बोट ठेवून पाहा. २० व्होल्ट नोझलच्या एका टोकाला सतत हजर असतात. नोझलचं दुसरं टोक आयसीच्या बाहेरच्या पिनेला. तिथून डायोड, डायोडमधून १० नंबर, १० नंबरवरून ५ व्होल्टची वायर. वाट पूर्ण झाली! प्रोग्राम चालू असो वा नसो, प्रत्येक नोझलमधून सुमारे ०.२ अँपिअर वाहू लागतो. त्यातून रोधावर ३ वॅटच्या आसपास पडतात, सरासरी जेवढं सोसायचं त्याच्या कितीतरी पट, तेही अखंड. शिवाय ५ व्होल्टची वायर वर चढू लागते आणि आर्डुइनोही जातो. यूएसबीने लॅपटॉप जोडलेला असेल तर त्यालाही धोका. एका पिनेची चूक आणि तीन वस्तूंचं नुकसान. नोझल हा साधा रोध आहे, कॉइल नाही, त्यामुळे १० नंबर पिन मोकळी सोडली तरी काम चालतं. जोडायचीच असेल तर नोझलच्याच २० व्होल्टला जोडा.

ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण आपण चित्र बघतो तेव्हा प्रत्येक वायर कुठे पोचते एवढंच बघतो. वीज कुठून कुठे जाईल हे बघत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा: चित्राची झेरॉक्स काढा. तांबडी पेन्सिल घेऊन २० व्होल्टपासून सुरुवात करा आणि ग्राउंडपर्यंत पोचणारी प्रत्येक वाट रंगवा. वाटेत डायोड आला तर बाणाकडे पाहा, ट्रान्झिस्टर आला तर तो चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्था धरा. मग निळ्या पेन्सिलीने ५ व्होल्टसाठी तेच करा. तांबडी आणि निळी जिथे भेटतात, तिथे थांबा. ती भेट मुद्दाम ठेवलेली आहे की चुकून झाली, याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी लपलेली चूक पिनांच्या वाटपात असते. आर्डुइनो युनोच्या ० आणि १ या पिना संगणकाशी बोलण्यासाठी असतात, आणि बोलणं चालू नसताना ती वायर उंच, म्हणजे ५ व्होल्टवर असते. त्या पिनेवर नोझल ठेवलं तर ते जळालंच समजा. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते २ पासून सुरू करतात. २ ते १२ मोजा, अकरा पिना होतात. नोझल बारा. बारावं आपोआप १३ नंबरवर जातं. आणि १३ नंबरवर बोर्डावरचा दिवा असतो, बोर्ड सुरू होताना तो काही वेळा लुकलुकतो. प्रत्येक लुकलुक म्हणजे ५ मायक्रोसेकंदांच्या हजारो पट वेळ. बारापैकी नेमकं शेवटचंच नोझल पहिल्या दिवशी मेलं असेल तर आधी इथे शोधा.

उपाय सोपा आहे. ए० ते ए५ या सहा पिनाही साध्या पिनांसारख्या वापरता येतात. २ ते १२ च्या अकरा आणि या सहा मिळून सतरा होतात. बारा नोझलना, चार दोन मोटारींना, एक टोकाला पोचल्याचं कळवणाऱ्या स्विचला. बरोबर सतरा. चित्र काढण्याआधी वहीत हा तक्ता करा आणि प्रत्येक पिनेसमोर लिहा: बोर्ड सुरू होताना ही पिन काय करते? पुष्कळ चुका तिथेच सापडतील.

युएलएनऐवजी मॉसफेट वापरत असाल तर गेटवरून ग्राउंडला १० हजार ओमचा रोध हवाच. बोर्ड सुरू होईपर्यंत पिना अधांतरी असतात आणि अधांतरी गेट कधी चालू होईल याचा भरवसा नाही. आणि दुकानदाराने आयआरएफ५४० दिला तर परत करा. तो ५ व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडत नाही. आयआरएलझेड४४ सारखा, ५ व्होल्टवर उघडणारा मागा.

पायांच्या क्रमाची चूक तर चित्र बरोबर असूनही होते. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन२२२२ चं प्लॅस्टिकचं रूप घेतलं तर कंपनीनुसार हा क्रम उलटतो. ७८०५ मध्ये डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. एलएम ३१७ दिसायला हुबेहूब तसाच, पण त्यात क्रम ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट. पाठांतरावर विसंबू नका. हातात आहे त्याच भागावरचा नंबर वाचून त्याच कंपनीची डेटाशीट उघडा आणि चित्रावर पायांचे आकडे लिहा. ज्या चित्रात चिन्हं आहेत पण पायांचे आकडे नाहीत, ते चित्र अजून पुरं झालेलं नाही असं धरा.

कार्ट्रिजच्या जोडणीत आरसा घुसतो. कार्ट्रिजवरचे संपर्क समोरून पाहिले तर जो क्रम दिसतो, तोच त्याला टेकणाऱ्या कनेक्टरकडे समोरून पाहिलं की उलटा असतो. एफआरसी केबलची लाल कड एका बाजूला १ नंबरवर आणि दुसऱ्या बाजूला शेवटच्या नंबरवर गेली की अक्षरं उलटीपालटी होतात, आणि सामायिक संपर्काच्या जागी नोझल आलं तर मामला आणखी गंभीर होतो. म्हणून चित्रावर ठळक लिहा: 'कार्ट्रिजच्या समोरून' की 'सोल्डरिंगच्या बाजूने'. हे दोन शब्द नसल्यामुळे किती चांगली माणसं फसली असतील!

सामायिक संपर्क कोणता हे चित्रावर विश्वास न ठेवता मीटरने शोधता येतं. मल्टिमीटर ओमवर ठेवा. कोणत्याही दोन नोझलांच्या संपर्कांमध्ये मोजलं तर दुप्पट, १३० च्या आसपास आकडा येतो, कारण वाटेत दोन रोध असतात. ज्या एका संपर्कापासून बाकी सगळ्यांपर्यंत ६५ च्या आसपास येतं, तो सामायिक. बाराही आकडे वहीत लिहून ठेवा, कार्ट्रिज नवं असतानाच. पुढे एखादं नोझल छापत नसेल तर पुन्हा मोजा. मीटर काहीच दाखवत नसेल तर ते जळालं. आकडा तोच असेल तर शाई वाळली आहे किंवा वायर तुटली आहे. या एका वहीच्या पानामुळे भांडणाचं मूळ वायरिंगमध्ये आहे की कार्ट्रिजमध्ये, ते पाच मिनिटांत कळतं.

मोटारींबद्दल थोडक्यात. चार वायरींच्या स्टेपर मोटारीत दोन कॉइल असतात. जोड्या चुकल्या की मोटार फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. जोडी ओळखायला आपल्या गावातल्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाकडे जा. तो मीटर लावून क्षणात दोन जोड्या वेगळ्या काढून देईल आणि त्याने कधी आर्डुइनो पाहिला नसला तरी तुम्हाला चार गोष्टी शिकवेल. ए४९८८ हा ड्रायव्हर वापरत असाल तर त्याची रिसेट पिन अधांतरी असते, ती शेजारच्या स्लीप पिनेला जोडावी लागते. मोटारीच्या सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ड्रायव्हरच्या अगदी जवळ लावा. आणि वीज चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो.

आता ग्राउंड. आर्डुइनोचं, मोटारीच्या सप्लायचं आणि २० व्होल्टचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं असलंच पाहिजे. चित्रात सगळीकडे ग्राउंडचं चिन्ह काढलं की आपोआप जोडलं गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात ब्रेडबोर्डवर ती तीन वेगळ्या पट्ट्यांवर राहून जातात. मोठ्या ब्रेडबोर्डच्या कडेची पट्टी बऱ्याचदा मधोमध तुटलेली असते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. वीज न देता, कंटिन्युइटीवर मीटर ठेवून प्रत्येक ग्राउंडपासून प्रत्येक ग्राउंडपर्यंत आवाज येतो का ते ऐका. मग उलटं करा: २० व्होल्ट ते ५ व्होल्ट, आणि दोन्हींपासून ग्राउंड. तिथे आवाज आला तर प्लग लावायचा नाही.

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी चित्र किकॅडमध्ये काढावं. ज्याँ-पियेर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्यातली विद्युत नियमांची तपासणी मोकळ्या पिना, एकमेकांशी भांडणारे आउटपुट दाखवून देते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे आणि आर्डुइनोचे धडे आहेत. पण संगणकाने "चूक नाही" म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. १० नंबरच्या पिनेला ५ व्होल्ट जोडलेले त्याला चालून जातील. चित्रात दोन वायरी ओलांडतात तिथे ठिपका आहे की नाही, एका ठिकाणी 'जीएनडी' आणि दुसरीकडे 'ग्राउंड' असं नाव तर पडलं नाही ना, हे माणसालाच बघावं लागतं.

इथे मला गावातल्या मोठ्यांशी बोलायचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हा त्याचा पाया. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली उभी राहिली ती याच पाबळला, कुठल्या महानगरात नाही. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. शाळेत अशी प्रयोगशाळा असेल तर तिचं कुलूप सुट्टीतही उघडा. नसेल तर एक टेबल, एक मीटर आणि एक रविवार पुरे. तालुक्याच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा किंवा वायरमनचा कोर्स केलेली पोरं-पोरी आपल्या गावात आहेत. रिवाइंडिंगवाले काका आहेत, मोबाईल दुरुस्त करणारे भाऊ आहेत. त्यांना बोलवा. चित्र काढणाऱ्याने गप्प बसायचं आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं: "ही वायर इथून निघते, इथे जाते, का जाते?" ज्याने चित्र काढलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण डोक्यात बरोबर चित्र असतं आणि डोळे तेच वाचतात. परक्याच्या "का" मुळे ते थांबतं. वयाने लहान असलेल्याने मोठ्याची चूक काढली तर रागावू नका, ही हात जोडून विनंती. मुलींना या टेबलाशी पुढे बसवा. चहा करायला आत पाठवू नका.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो: घरच्या २३० व्होल्टशी मुलांनी खेळायचं नाही. बंद डब्यातला तयार १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घ्या आणि २० व्होल्ट व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्ट मॉड्यूलमधून काढा. जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो.

चित्र तपासून झालं, मीटरने जोड पाहिले, की वीज टप्प्याटप्प्याने द्या. आपले वायरमन नवीन फिटिंगला आधी सिरीज बल्ब लावतात, तीच सवय इथे लावा. ॲडॉप्टरच्या १२ व्होल्टच्या वाटेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घाला, मोटारी काढून ठेवा. बल्ब लखलखला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण काही जळण्याचा धोका फार कमी राहतो. बूस्ट मॉड्यूल एकटं चालवून त्याचा स्क्रू फिरवत २० व्होल्ट आधी मीटरवर बसवा, मगच पुढे जोडा. त्या मॉड्यूलवरून कधी कधी २५-२८ व्होल्टही निघतात, हे विसरू नका.

कार्ट्रिज लावण्याआधी नोझलच्या जागी प्रत्येक वाटेवर एक एलईडी आणि २ हजार ओमचा रोध लावा. बोर्ड चालू करा, बंद करा, रिसेट दाबा, प्रोग्राम चढवा. या सगळ्यात एकही एलईडी ठळक पेटता कामा नये. पाच मायक्रोसेकंदांची वीज डोळ्याला दिसत नाही किंवा अंधारात अंधुक दिसते. जो ठळक पेटला, त्याच्या जागी नोझल असतं तर ते गेलं असतं. त्या वाटेचा नंबर चित्रावर तांबड्या शाईने लिहा आणि कारण सापडेपर्यंत कार्ट्रिज खोक्यातच राहू द्या. चाचणीसाठी प्रोग्राममध्ये मुद्दाम वेळ वाढवून एक-एक एलईडी पेटवून बघितलात, तर कार्ट्रिज लावण्याआधी तो वेळ परत ५ मायक्रोसेकंदांवर आणा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो आकडा स्क्रीनवर दाखवा.

एलईडीच्या चाचणीत यंत्र पास झालं की कार्ट्रिज बसवा आणि एका वेळी एकच नोझल चालवा. बारा एकदम दिले तर सुमारे साडेतीन अँपिअर मागितले जातात, छोटं बूस्ट मॉड्यूल तेवढे देऊ शकत नाही. कोऱ्या कागदावर बारा रेषा काढा आणि प्रत्येक रेषेपुढे वायरीचा नंबर लिहा. रेषांचा क्रम आणि चित्रातला क्रम जुळला नाही तर वायर हलवायच्या आधी चित्र दुरुस्त करा. शेवटी जे चित्र उरेल त्यावर तारीख घाला, तपासणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्याची एक झेरॉक्स शाळेत देऊन ठेवा.